आवडत्या नटीचा पुरस्कार-हंगाम कसा धरावा: इफ्फीच्या रांगेपासून पहाटेच्या ऑस्करपर्यंत

नवी नटी नजरेत भरते, दोन-तीन चित्रपटांत कस लावते आणि मग तिचं नाव पुरस्कारांच्या गप्पांत येऊ लागतं. अशा वेळी चाहत्यांचा पहिला उद्योग म्हणजे हॅशटॅग. खुशाल चालवा, पण त्याने परीक्षक हलत नाहीत. तिचा हंगाम नीट धरायचा तर एकच प्रश्न सतत विचारावा लागतो: तिचा कोणता चित्रपट, कोणत्या वर्षात, कोणत्या गटात धरला जाणार? चाहत्यांमधली निम्मी भांडणं आणि जवळजवळ सगळ्या खोट्या बातम्या या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसल्यामुळे होतात.

गोव्यातल्या चाहत्याला एक मोठी सोय आहे. १९५२ साली मुंबईत सुरू झालेला भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे आपला इफ्फी, २००४ पासून पणजीत भरतो. अलीकडे त्याच्या तारखा २० ते २८ नोव्हेंबर अशा असतात. म्हणजे हंगाम आपल्या दारातच सुरू होतो. तयारी मात्र दिवाळीपूर्वीच झालेली बरी.

आधी वही

शंभर पानी साधी वही घ्या किंवा फोनमध्ये तक्ता करा. तिच्या प्रत्येक चित्रपटाला एक पान द्या आणि त्यावर एवढ्या नोंदी करा: भाषा, सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख, महोत्सवातला पहिला खेळ, थिएटरमधला पहिला शुक्रवार, ओटीटीवर आल्याची तारीख, आणि तिची भूमिका मुख्य की सहाय्यक.

यातली दुसरी नोंद सगळेच टाळतात, आणि नेमकी तीच महत्त्वाची आहे. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी वर्ष मोजलं जातं ते सेन्सॉर प्रमाणपत्रावरून. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात प्रमाणपत्र मिळालेले चित्रपट त्या वर्षाचे, मग ते थिएटरात कधीही लागोत. उषा जाधव यांना 'धग'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला तो मार्च २०१३ मध्ये, २०१२ च्या चित्रपटांच्या यादीत. थिएटरात तो चित्रपट लागला २०१४ मध्ये. तिकीट काढून बघणाऱ्यांच्या हाती तो आला तेव्हा पुरस्काराला वर्ष होत आलं होतं.

प्रमाणपत्र वाचायचं कुठे? थिएटरात चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर जो कागद झळकतो, तोच. लोक तेव्हा पॉपकॉर्नचा डबा मांडीवर बसवत असतात. तुम्ही मात्र जागेवर असा. त्यावर चित्रपटाचं नाव, भाषा, लांबी, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख असते. आधी फक्त तारीख वाचा, बाकीचं राहिलं तरी चालेल, कारण कागद मोजके सेकंदच दिसतो. फोन काढून तो टिपण्याचा मोह टाळा. थिएटरात पडद्याचं चित्रीकरण करणं २०२३ च्या दुरुस्तीनंतर चांगलंच महाग पडू शकतं: तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड. 'एंट्रीचा सीन' स्टेटसला टाकणाऱ्या भाबड्या चाहत्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. तारीख हुकली तर सेन्सॉर बोर्डाच्या संकेतस्थळावर चित्रपटाच्या नावाने शोधता येते.

महोत्सवात चित्रपट प्रमाणपत्राशिवायही दाखवता येतो, त्यामुळे इफ्फीत पाहिलेल्या चित्रपटाची ती चौकट कोरी राहू शकते. ती कोरीच ठेवा, अंदाजाने भरू नका. आणि नटी वेब मालिकेत चमकली असेल तर त्या पानावर राष्ट्रीय पुरस्काराचा विचारच नको. मालिकांसाठी इफ्फीत २०२३ पासून वेगळा ओटीटी पुरस्कार आहे आणि फिल्मफेअरचाही ओटीटी सोहळा निराळा होतो.

चार शब्द, चार अर्थ

पात्र, निवड, नामांकन आणि पुरस्कार. बातम्यांत हे चारही शब्द एकाच भांड्यात शिजतात.

राष्ट्रीय पुरस्कारांना नामांकन हा प्रकारच नाही. परीक्षक मंडळ चित्रपट पाहतं आणि थेट निकाल जाहीर होतो. तेव्हा 'राष्ट्रीय पुरस्कारासाठी नामांकन मिळालं' असं पोस्टर फिरू लागलं की ते पुढे पाठवू नका. निर्मात्याने प्रवेशिका भरली, एवढाच त्याचा अर्थ निघतो. शिवाय निकालाला वेळ लागतो. ७१ वे पुरस्कार २०२३ च्या चित्रपटांसाठी होते, ते १ ऑगस्ट २०२५ ला जाहीर झाले आणि २३ सप्टेंबरला दिल्लीत प्रदान झाले. निकाल लागला की संपूर्ण यादी पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर येते. ती तळापर्यंत वाचा, कारण 'विशेष उल्लेख' शेवटी असतात आणि वाहिन्यांवर ते क्वचितच येतात. कोंकणी 'नाचूंया कुंपासार'साठी पालोमी घोष यांना मिळालेली दाद अशीच ६२ व्या पुरस्कारांच्या विशेष उल्लेखांत होती.

ऑस्करच्या बाबतीत घोळ याहून मोठा. दर जानेवारीत 'अमुक भारतीय चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत' अशी बातमी येते. बहुतेक वेळा ती केवळ पात्र चित्रपटांच्या यादीची असते. ठरावीक अमेरिकी शहरांत ठरावीक दिवस खेळ लावले आणि कागदपत्रं भरली की त्या यादीत जाता येतं. २०२५ च्या सोहळ्यासाठी या यादीत ३२३ चित्रपट होते. अभिनेत्रीच्या गटात नामांकनं मात्र पाचच. भारताची अधिकृत प्रवेशिका हा आणखी तिसरा मामला. ती फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया निवडतं आणि ती आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या गटात जाते. त्यातून नटीला आपोआप काही मिळत नाही.

फ्रान्समधल्या कान महोत्सवाचंही तसंच. २०२४ मध्ये अनसूया सेनगुप्ता यांना तिथे अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला तेव्हा 'कानची सर्वोत्कृष्ट अभिनेत्री' असे मथळे झळकले. तो पुरस्कार 'अँ सर्तँ रगार' या विभागाचा होता, मुख्य स्पर्धेचा नव्हे. त्या विभागात हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय, म्हणजे मोठेपणा कुठेही कमी होत नाही. पण वहीत विभागाचं नाव लिहायचंच.

आणि हंगाम म्हणजे जानेवारी ते मार्च, हेही गृहीत धरू नका. २०२४ च्या हिंदी चित्रपटांचा ७० वा फिल्मफेअर सोहळा अहमदाबादला झाला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये. त्यात लोकप्रिय अभिनेत्री, समीक्षकांची पसंती आणि पदार्पण असे वेगवेगळे गट असतात. नव्या नटीसाठी शेवटचे दोन जास्त महत्त्वाचे, आणि तिथे चुरसही खरी असते.

इफ्फी: पणजीतले नऊ दिवस

आधी ती कोणत्या विभागात आहे ते बघा. अभिनेत्रीचा रजत मयूर हा इफ्फीचा पुरस्कार फक्त आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या चित्रपटांना मिळतो, आणि त्या स्पर्धेत अलीकडे पंधराच चित्रपट असतात. रजत मयूराबरोबर १० लाख रुपये असतात. भारतीय पॅनोरमा हा १९७८ पासून चालत आलेला वेगळा विभाग. तिथे निवड होणं हाच मान, पण पॅनोरमात असलेला प्रत्येक चित्रपट मयूराच्या स्पर्धेत नसतो. मराठी वाचकांनी लक्षात ठेवावीत अशी दोन नावं इथे आहेत: २०१२ मध्ये अंजली पाटील यांना एका सिंहली चित्रपटासाठी आणि २०१९ मध्ये उषा जाधव यांना मराठी चित्रपटासाठी रजत मयूर मिळाला.

महोत्सवाच्या पाससाठीची डेलिगेट नोंदणी ऑनलाइन होते. फोटो, सरकारी ओळखपत्र आणि विद्यार्थी असाल तर महाविद्यालयाचं ओळखपत्र, हे तिन्ही आधीच स्कॅन करून ठेवा. नोंदणी अडकते ती बहुतेकदा दोन कारणांनी: नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळत नाही, किंवा फोटो सेल्फी असतो. गोव्यात वडिलांचं नाव एका कागदावर आणि आडनावाची दोन स्पेलिंगं दोन कागदांवर हे घरोघरी आहे. नोंदणीत तेच लिहा जे दारावर दाखवणार असलेल्या ओळखपत्रावर आहे. पासवर फोटो असतो, तो दुसऱ्याला देता येत नाही. 'जास्तीचा पास आहे' म्हणणाऱ्याकडून विकत घेतलात तर दारातून परत याल.

पास म्हणजे जागा नव्हे. प्रत्येक खेळाचं आसन वेगळं आरक्षित करावं लागतं. आरक्षण उघडण्याची वेळ पहिल्याच दिवशी ॲपमध्ये बघा आणि त्याच्या दहा मिनिटं आधीचा गजर लावा. नावाजलेल्या नटीचा खेळ काही मिनिटांत भरतो, पण गंमत अशी की नवीनच नाव झालेल्या नटीचा खेळ पहिल्या दिवशी रिकामा दिसतो आणि रेड कार्पेटचे फोटो आले की तासाभरात संपतो. तिचा खेळ सगळ्यात आधी घ्या, बाकीचं नंतर.

आसन मिळालं नाही तर बिनआरक्षणवाल्यांच्या रांगेत उभे राहा. आरक्षण करून न आलेल्यांच्या जागा त्या रांगेला मिळतात. सकाळचा पहिला खेळ आणि जेवणानंतरचा खेळ यांना गळती जास्त असते, रात्रीच्या खेळाला कमी. तासभर आधी पोहोचा, बरोबर पाण्याची बाटली आणि टोपी असू द्या. नोव्हेंबर असला तरी दुपारी दोनला कांपालला ऊन चांगलंच लागतं. रांगेत चौघांची जागा एकाने धरून ठेवू नये. त्यावरून भांडण होतं, आणि भांडण झालं की स्वयंसेवक सगळ्यांनाच मागे पाठवतात.

जागा कुठे कुठे आहेत ते आदल्या दिवशी चालून बघा. जुन्या जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आवारात आयनॉक्स आणि मॅक्विनेज पॅलेस शेजारी शेजारी आहेत. कला अकादमी तिथून पुढे मिरामारच्या वाटेवर, रमतगमत गेलात तरी पंधरा मिनिटांत येते. मुलाखती आणि मास्टरक्लास अलीकडे तिथेच असतात. पर्वरीचं आयनॉक्स मात्र मांडवीच्या पलीकडे. दोन खेळांत पाऊण तासाचं अंतर असेल आणि एक पर्वरीला असेल, तर त्यातला एक सोडा. कदंबा स्थानकावर उतरणाऱ्यांनी मिरामारची बस पकडावी, घाई असेल तर पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, करावा. स्वतःची चारचाकी बांदोडकर मार्गावर नेण्याचा विचार संध्याकाळी पाचनंतर तरी करू नये. बेतीच्या बाजूने येणाऱ्यांना फेरीबोट उत्तम.

खेळानंतर कलाकार मंचावर आले तर प्रश्नोत्तरांना दहा-पंधरा मिनिटं मिळतात, म्हणजे चार-पाच प्रश्न. त्यातले तीन वाया जातात. 'मॅडम, तुमचं काम खूप आवडलं, गोवा कसा वाटला?' याला उत्तर एकच: छान वाटला. त्याऐवजी असं विचारा: 'विहिरीजवळच्या प्रसंगात तुम्ही दोरी सोडता, पण मूठ तशीच मिटलेली राहते. ते संहितेत होतं की तिथे सुचलं?' असा प्रश्न वीस सेकंदांत संपतो आणि नटीचा चेहरा बदलतो, कारण तिने केलेलं काम कुणीतरी पाहिलेलं असतं. यासाठी चित्रपट चालू असतानाच अंधारात दोन-दोन शब्दांत टिपून ठेवा: 'विहीर, मूठ'. पेन्सिल वापरा, बॉलपेनचं टिकटिक शेजाऱ्याला त्रास देतं. फोनचा उजेड तर नकोच.

मंचाजवळ पोहोचता आलं नाही तरी पत्रकार परिषदा राहतातच. पत्र सूचना कार्यालय इफ्फीतल्या पत्रकार परिषदांची ध्वनिचित्रफीत यूट्यूबवर ठेवतं. रेड कार्पेटवरच्या तीस सेकंदांपेक्षा तिथलं तिचं अर्ध्या तासाचं बोलणं कितीतरी सकस असतं, आणि बघणारे मोजकेच.

रेड कार्पेटचा कठडा

कठड्याला चिकटून अगदी मध्यावर उभं राहणं ही नवख्यांची चूक. तिथे छायाचित्रकारांची शिडी असते आणि नटीची पाठ तुमच्याकडे. गाडी थांबते तिथून कार्पेटकडे वळण्याची जागा शोधा. तिथे ती दोन-तीन सेकंद थांबते, साडी किंवा गाऊन सावरते, समोर बघते.

नोव्हेंबरात पणजीत सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. त्यानंतर फोनचा फ्लॅश तीन-चार मीटरपलीकडे निरुपयोगी, उलट पुढच्या माणसाचं डोकं तेवढं पांढरं येतं. फ्लॅश बंद करा, दुप्पट झूमच्या पुढे जाऊ नका, बोटाने तिच्या चेहऱ्यावर प्रकाश पक्का करा आणि बटण दाबून धरून सलग फोटो घ्या. वीसांतला एक चांगला निघाला तरी पुष्कळ. नाइट मोड चालत्या माणसाला धूसर करतो, तोही बंद.

सहीसाठी चकचकीत फोटोवर साधं पेन चालत नाही, शाई गोळा होते. कायम शाईचा काळा मार्कर घ्या, आणि फोटो गडद असेल तर चंदेरी. टोपण काढून, टोक स्वतःकडे धरून द्यायचा. एकदा गाऊनला डाग पडला की अख्ख्या रांगेचं काम संपतं. सही झाल्यावर अर्धा मिनिट तरी फोटो आडवा धरा, लगेच पिशवीत टाकलात की सही फरफटते. एका माणसाने एकच वस्तू पुढे करावी. पाच फोटो घेऊन येणारा विक्रेता समजला जातो, आणि बऱ्याचदा तो तसाच असतो.

भेटवस्तू म्हणून काजू, बेबिंक, फुलं आणू नका. खाण्याच्या वस्तू सुरक्षारक्षक पुढे जाऊ देत नाहीत. एका पानाचं पत्र द्या, मराठीत असलं तरी चालेल, तिच्या मॅनेजरच्या हाती. त्यात तुमची माहिती कमी आणि तिच्या कामातला एखादा क्षण जास्त असू द्या.

ती कोणत्या हॉटेलात उतरली आहे, मोपा विमानतळावर कधी उतरणार की दाबोळीच्या, हे कळलं तरी गटात टाकायचं नाही. फोटोही ती जागा सोडून गेल्यावरच टाका. यात मला तडजोड दिसत नाही. विमानतळावर वाट अडवणारा जमाव हा चाहता नव्हे, उपद्रव आहे, आणि त्याची आठवण नटीच्या मनात 'गोवा' याच नावाने राहते.

पहाटेचे सोहळे

आपली नटी परदेशी चित्रपटात असेल किंवा तिचा चित्रपट तिकडे पोहोचला असेल, तर प्रश्न घड्याळाचा. गोल्डन ग्लोब जानेवारीत, तिकडच्या रविवारी संध्याकाळी: आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहा. ऑस्कर नामांकनं आपल्या संध्याकाळी सात वाजता, ऑस्कर देणाऱ्या अमेरिकी अकादमीच्या यूट्यूबवर थेट. ब्रिटनचा बाफ्ता सोहळा लंडनला असल्याने आपल्याकडे रविवारी रात्री उशिरा, पण तिथल्या दूरदर्शनवर कार्यक्रम काहीसा उशिरा दाखवतात. त्यामुळे निकाल आधीच फुटतात. उत्सुकता जपायची असेल तर रात्री दहानंतर फोन उलटा ठेवा.

खरी फसगत ऑस्करला होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे जातात. २०२५ चा सोहळा २ मार्चला होता, त्या बदलाच्या आधी, म्हणून आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू झाला. २०२६ चा १५ मार्चला, बदलानंतर, म्हणजे आपली पहाटेची साडेचार. गेल्या वर्षीचा गजर तसाच ठेवला तर पहिला तास जातो. सहाय्यक भूमिकांचे पुरस्कार सहसा पूर्वार्धातच असतात, मुख्य अभिनेत्रीचा अगदी शेवटी. कामावर जाणाऱ्यांनी तिचा गट बघून ठरवावं.

एकत्र बघायचं असेल तर घर शेजाऱ्यांच्या भिंतीला न लागलेलं निवडा, आणि वीज जाणार हे गृहीतच धरा. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या ॲडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपियर बघा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण काही ९ व्होल्टचेही. जास्त व्होल्टचा जोडलात तर राउटर जळू शकतो. टीव्ही गेला तर फोनवर बघता येईल, राउटर गेला तर मात्र सगळेच अंधारात. पोदेराला, म्हणजे दारावर येणाऱ्या पाववाल्याला, आदल्या दिवशीच जास्तीचे पाव सांगून ठेवा आणि पातळभाजी रात्रीच करून ठेवा. शेवटचे पुरस्कार आणि पोदेराची पोंपों यांची वेळ साधारण एकच येते.

अंदाज बांधायची हौस असेल तर कुणाचं मत कुठे चालतं ते बघा. ऑस्करमध्ये अभिनयाची नामांकनं फक्त अभिनेते-सदस्य ठरवतात, अंतिम मतदान मात्र सगळ्या शाखांचे सदस्य करतात. म्हणून अभिनेत्यांच्या संघटनेचा पुरस्कार हा चांगला इशारा. समीक्षकांच्या पुरस्कारांनी चर्चा वाढते, पण ते समीक्षक अकादमीत मत देत नाहीत. गोल्डन ग्लोबला नाट्य आणि विनोदी-सांगीतिक असे दोन गट असल्याने तिथे दोघी जिंकतात, आणि ऑस्करला एकीलाच जागा असते.

मत द्या, पण कुठे

काही लोकप्रिय पुरस्कारांत प्रेक्षकांचं मत घेतात. दुवा आयोजकांच्या किंवा वाहिनीच्या अधिकृत पानावरूनच उघडा. मत देण्यासाठी ओटीपी, बँकेचा तपशील किंवा फोनमध्ये ॲपची फाइल टाकायला सांगितली तर ती फसवणूक. 'नटीबरोबर चहा' असे पैसे मागणारे संदेशही त्याच गोत्रातले. पैसे गेलेच तर थांबू नका, लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त.

ती हरली तर त्या दिवशी विजेतीच्या पानावर जाऊन वाद घालू नका. त्या दिवसाच्या पोस्ट पत्रकार बघतात आणि तिच्या मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. त्यापेक्षा वहीचं तेच पान उघडा. प्रमाणपत्राच्या तारखेत यंदाचं वर्ष असेल, तर राष्ट्रीय पुरस्कारांची यादी अजून यायची आहे. त्या चौकटीत पेन्सिलने फक्त वर्ष लिहून ठेवा.